दुसऱ्या शनिवारची टेकडी

माझ्या मनाला दहापैकी किती मार्क द्यावेत, हे सेहेचाळीस वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं. मॅट्रिकला गणितात किती पडले हे विचारलं, ड्रॉइंगच्या परीक्षेत कोणती श्रेणी मिळाली हे विचारलं, लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी पगाराची ग्रेडही विचारली. मनाचा विषय कधी निघाला नाही. अठ्ठ्याहत्तर सालचा दसरा झाला आणि डॉक्टर उमाठ्यांनी माझ्या दंडावरची प्रेशर मोजायची पट्टी सोडता सोडता विचारलं, "मेश्रामजी, मन कसं आहे?"

मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, मी हाताची तक्रार घेऊन आलो आहे."

हाताची तक्रार खरी होती. मी ड्राफ्ट्समन. पाटांचे आणि कालव्यांचे नकाशे ट्रेसिंग कापडावर शाईने काढायचे, हे माझं वीस वर्षांचं काम. माझी रेघ सरळ असते असं ऑफिसात म्हणतात. माणूसही सरळ आहे असं म्हणतात, पण ते म्हणताना हसतात. तर या सरळ रेघेला गणपतीपासून कंप सुटला होता. एका पाटाला मी इतकी वळणं दिली, की साहेबांनी नकाशा उजेडाकडे धरून विचारलं, "मेश्राम, यातून पाणी सोडायचं आहे की साप?"

डॉक्टरांनी सांगितलं की हात ठीक आहे, प्रेशर वाढलं आहे. दीडशे-शंभर. गोळी मात्र लगेच देणार नाही म्हणाले. डॉक्टर उमाठे कुठल्याशा परिषदेला जाऊन आले होते आणि तिथून एक नवी गोष्ट घेऊन आले होते. काळजी, राग, कुढणं हे आधी मनात होतं आणि मग रक्तात उतरतं. मनात असतानाच पकडलं तर पुढे हृदयापर्यंत जात नाही, अशी ती गोष्ट. "तापाचा तक्ता ठेवतो ना आपण? तसा मनाचा ठेवा. सकाळ, दुपार, संध्याकाळ. दहापैकी मार्क द्या आणि समोर कारण लिहा."

घरी मी एकटाच होतो. मुलगी जया लग्न होऊन पुलगावला गेलेली, आणि माझी मिसेस शामला जूनपासून नागभीडला मुलींच्या सरकारी शाळेत मुख्याध्यापिका. बढतीवर बदली. महिन्यातून एकदा, दुसऱ्या शनिवारी, ती नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं नागपूरला यायची आणि रविवारी दुपारी परत जायची. या गोष्टीचा हाताशी काही संबंध असेल असं मला वाटलं नाही, म्हणून डॉक्टरांना मी ती सांगितलीही नाही.

वही मी नीट आखली. ड्राफ्ट्समनच्या घरात वही आखली जाते तशी, दुहेरी समास, शीर्षक ठळक अक्षरात. पहिल्या आठवड्यात एकवीस नोंदी केल्या. एकवीसही सारख्या: "मार्क सात. कारण: काही नाही."

डॉक्टरांनी वही मिटली. "हा हजेरीपट झाला, मेश्रामजी. आणि खोटा आहे."

"कशावरून?"

"सात मार्कवाल्या माणसाचं प्रेशर असं नसतं. खरं लिहा. मी सोडून कुणी वाचणार नाही."

डॉक्टर भला माणूस. त्या वेळी त्यांनाही पुढचं काय ठाऊक.

मी खरं लिहायला लागलो आणि लक्षात आलं, की खरं लिहायला जागा फार लागते. आखलेला कारणाचा रकाना पुरेना. "सोमवार सकाळ, मार्क चार. कारण: सवयीनं चहा दोन कप टाकला. दोन्ही प्यायलो." "बुधवार संध्याकाळ, मार्क तीन. कारण: दाराशी तिच्या जुन्या चपला दिसल्या. झटकून पुन्हा तिथंच ठेवल्या." असं लिहिलं की मला स्वतःचीच लाज वाटायची. मी काही पंचविशीतला नव्हतो. डोक्यावर टक्कल होतं, जावई होता. पण डॉक्टरांनी सांगितलं आहे म्हणून लिहीत गेलो, आणि शामला आली की वही नकाशांच्या नळकांड्यात घालून ठेवत गेलो.

वहीची बातमी फुटली ती सिंधूताईंमुळे. सिंधूताई आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहतात. एका रविवारी विहारातून येताना माझ्याकडची वाटी न्यायला आत आल्या, तेव्हा वही टेबलावर उघडी होती.

"हे काय करून राहिले भाऊजी? मनाले मार्क?"

मी सगळं सांगितलं आणि शामलेला यातलं काही कळू देऊ नका, ती उगाच घाबरेल, अशी शपथ घातली. शपथ सिंधूताईंनी पाळली. आमच्या रविनगरच्या क्वार्टरांमध्ये पाळली गेलेली ती एकमेव शपथ असावी. शामलेला त्यांनी सांगितलं नाही. बाकी सगळ्यांना सांगितलं, तेही शपथ घालून.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी नळावर बादल्यांच्या रांगेतून हाक यायला लागली, "आज किती, भाऊजी?"

मी हळूच म्हणायचो, "पाच."

"पाच तं पास झाले ना. मग तोंड काहून असं?"

रांगेतल्या बायका माझ्या तोंडाकडे बघायच्या. चार म्हटलं की दुपारी कुणाकडून तरी झुणका यायचा, तीन म्हटलं की माणूसच यायचा. एकाने मला दुधी भोपळ्याचा रस पाजला. एकाने सांगितलं, पहाटे अंबाझरीपर्यंत चालत जा आणि तलावाकडे बघून मोठ्यानं हसा. मी गेलो, हसलो, तलावाच्या पाळीवर फिरायला आलेल्या दोन वृद्ध गृहस्थांनी काठ्या सरसावल्या. तिसऱ्याने मानेवर थंड पाण्याची धार धरायला सांगितली. नोव्हेंबर संपत आला होता. मला आठ दिवस सर्दी झाली, आणि त्या आठ दिवसांची कारणं वहीत लिहिताना वहीवर नाक गळत होतं.

ऑफिसात याहून वाईट झालं. आमच्या साहेबांनी चांगल्या मनानं सगळ्यांना सांगितलं, "मेश्रामना टेन्शन द्यायचं नाही." त्यामुळे मी खोलीत शिरलो की बोलणी थांबायची. निकडीचे नकाशे दुसऱ्यांकडे जायला लागले, मग साधेही जायला लागले. एकदा मी नुसती उत्तर दिशा दाखवणारा बाण काढायला घेतला, तर शेजारचा म्हणाला, "राहू द्या, मी काढतो." वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला उत्तर दिशासुद्धा दाखवू देत नाहीत म्हणजे काय? मार्क दोनवर गेले.

जानेवारीत डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांच्या नोंदी एकदम डोळ्यांखालून घालायच्या आहेत. एवढी पानं उलटवायला लावण्यापेक्षा मी त्यांचा आलेख काढला. ऑफिसात काम नव्हतंच. आडव्या रेषेवर तारखा, उभ्या रेषेवर मार्क, शाईनं. आणि एक चमत्कार असा, की तो काढताना माझा हात हलला नाही.

डॉक्टरांनी कागद टेबलावर पसरला. सुरुवातीला सातावरची एक सपाट रेघ, ती आम्ही सोडून दिली. पुढे शाळांच्या दिवाळीच्या सुट्टीत तीन आठवड्यांचं एक उंच पठार. मग रेघ खाली उतरलेली, खालच्या खाली वळवळत गेलेली, आणि मधूनच वर चढलेली.

"ही काय टेकडी आहे?" त्यांनी बोट ठेवलं.

"नऊ डिसेंबर. दुसरा शनिवार."

"आणि ही?"

"तेरा जानेवारी. तोही दुसरा शनिवार."

"दुसऱ्या शनिवारी काय असतं?"

"सुट्टी असते."

"सुट्टी रविवारीही असते. रविवारी दुपारी तुम्ही नवावरून दोनावर पडला आहात." त्यांनी वही उघडून ती नोंद वाचली. "मार्क दोन. कारण: गाडी वेळेवर सुटली." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कोणती गाडी, मेश्रामजी?"

मी सांगितलं.

डॉक्टरांनी आलेखाची घडी घालून ती माझ्याकडे दिली. "याला माझ्याकडे गोळी नाही," ते म्हणाले. "मिसेसना नागपूरला आणता येतं का बघा."

हे मी वामनरावांना सांगितलं, ही माझी चूक. वामनराव आमच्या वरच्या मजल्यावर मुलाकडे राहतात. एका मोठ्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. जगातलं प्रत्येक दुःख हे वेळेवर अर्ज न केल्यामुळे होतं, असं त्यांचं मत आहे.

"पती-पत्नीला एका गावी ठेवण्याची सवलत आहे," ते म्हणाले. "अर्ज टाका शिक्षण खात्याकडे."

"पण नोकरी तिची आहे. अर्ज तिनं करायला नको?"

"पीडित कोण आहे?"

"मी."

"मग अर्जदार तुम्ही. सोबत डॉक्टरांचा दाखला, वहीची नक्कल आणि हा आलेख. तीन प्रतीत. आलेखावर प्रमाण लिहिलंय ना? एक सेंटिमीटर म्हणजे किती मन?"

वहीची नक्कल म्हटल्यावर मी नाही म्हणायला हवं होतं. पण त्या महिन्याचा दुसरा शनिवार उलटून गेला होता आणि पुढचा फार लांब होता.

कलेक्टर कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली बळीराम नावाचा टायपिस्ट बसतो. हात चांगला आहे, पण टाइप करताना मोठ्यानं वाचायची त्याला सवय. "सोमवार सकाळ, मार्क चार, चहा दोन कप टाकला," असं तो वाचत गेला आणि शेजारच्या दोन टायपिस्टांची यंत्रं थांबली. चपलांच्या नोंदीपर्यंत स्टँपवालाही येऊन उभा राहिला.

"साहेब," बळीराम म्हणाला, "इथं 'डोळ्यांत पाणी आलं' असं टाकू का? वजन पडते कागदाले."

"नाही आलं पाणी."

"नाही आलं कसं? मले येऊन राहिलं."

वारसाच्या कागदासाठी बसलेली एक म्हातारी, अंजनाबाई, तंबाखू मळत हे ऐकत होती. तिने बळीरामला विचारलं, "बाई वारली का गा याची?"

"नाही वं. नागभीडले आहे."

"मंग हा जात काहून नाही?"

यावर बळीरामनं माझ्याकडे पाहिलं. मी कागदांच्या कडा सारख्या करायला लागलो.

नकलांवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागते. आमच्याकडे असा अधिकारी म्हणजे आमचे साहेबच. त्यांनी एकेक पान वाचून खाली 'खरी प्रत' असं लिहायला सुरुवात केली. चहाचे दोन कप, खरी प्रत. जुन्या चपला, खरी प्रत. सतराव्या पानावर, उत्तर दिशेच्या बाणाच्या नोंदीशी, ते थांबले, चष्मा काढून पुसला, आणि पुढच्या सगळ्या पानांवर न वाचता सह्या केल्या. तो गठ्ठा माझ्या हातात देताना म्हणाले, "उद्यापासून तुमचे नकाशे तुम्हीच काढा, मेश्राम." त्या दिवशी मी स्वतःला सहा मार्क दिले.

अर्ज शिक्षणाच्या ऑफिसात गेला. आठ दिवसांत एक पत्र आलं. खाली सही करणारा कारकून गणपतराव. पत्रात लिहिलं होतं: "दिनांक १८ ऑक्टोबर रोजी अर्जदाराने आपल्या मनास तिन्ही वेळा सात गुण दिल्याचे दिसून येते. सदर दिनांकास पत्नी नागपूर मुक्कामी नव्हती. सबब पत्नीच्या अनुपस्थितीतही अर्जदाराचे मन सात गुणांपर्यंत जाऊ शकते. खुलासा करावा."

मी खुलासा लिहिला, की ते सात खोटे होते. वामनरावांनी तो फाडला. "सरकारी कागदात 'खोटे' हा शब्द वापरायचा नाही. लिहा, 'प्राथमिक अवस्थेतील अंदाज'." मी तसं लिहिलं. माझ्या मनाचा प्राथमिक अवस्थेतील अंदाज तीन प्रतीत रवाना झाला.

फेब्रुवारीचा दुसरा शनिवार आला तेव्हा शामला आली नाही. दहावीच्या मुलींचे जादा तास आहेत असं पत्र आलं. त्या दोन दिवसांच्या नोंदी वहीत आहेत, इथं लिहीत नाही.

पुढच्या आठवड्यात मी चौकशीला गेलो. गणपतराव शांत माणूस. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली.

"तुमची फाईल तं परवाच गेली, मेश्रामजी. अभिप्रायासाठी. कर्मचाऱ्याची बदली करायची तं त्याच्या वरिष्ठाचा अभिप्राय लागते."

"वरिष्ठ म्हणजे?"

"मुख्याध्यापिका, नागभीड."

मी विचारलं, "आणि कर्मचारी कोण आहे, गणपतराव?"

त्यांनी रजिस्टर उघडलं, ओळीवरून बोट नेलं आणि बोट थांबलं. "कर्मचारी... मुख्याध्यापिका, नागभीड." त्यांनी मान वर केली. "हे दोन्ही एकच बाई आहे का?"

मी डाक विभागात धावलो. पाकीट गेलं होतं. शामलेला प्रेशरचं ठाऊक नव्हतं, वहीचं नव्हतं, अर्जाचं नव्हतं. वीस वर्षांच्या संसारात मी तिला 'आज भाजी बरी झाली' यापलीकडे काही म्हटलेलं नव्हतं, आणि आता माझं सगळं मन अनुक्रमांक घालून, साक्षांकित होऊन, तिच्या टेबलावर जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इतवारीहून छोट्या गाडीत बसलो. ही गाडी ज्या वेगानं जाते त्या वेगात माणूस बरंच काही आठवू शकतो. उमरेडपर्यंत मी काय बोलायचं ते ठरवलं, भिवापूरपर्यंत ते विसरलो. हीच गाडी, याच लाकडी बाकावर ती दर महिन्याला बसून येते आणि बसून जाते, हे मला ठाऊक होतं. पण बाक किती टोचतो, ते ठाऊक नव्हतं.

शाळेत कांताबाई नावाची शिपाईबाई होती. "मोठ्या बाई तासावर आहेत. बसा."

मुख्याध्यापिकेच्या खोलीत मी पालकांच्या खुर्चीवर बसलो. टेबलावर टपाल होतं, आणि सर्वांत वर ते जाडजूड खाकी पाकीट. न फोडलेलं. मी हात पुढे केला.

"त्याले हात नका लावू," कांताबाई दारातून म्हणाली. "बाई सोताच फोडतात."

शामला आली आणि मला बघून दारातच थबकली. "जया बरी आहे ना?"

"बरी आहे. सगळे बरे आहेत. शामला, ते पाकीट तू उघडू नको."

असं म्हटल्यावर कोण उघडणार नाही? तिनं कांताबाईला बाहेर जायला सांगितलं, खुर्चीत बसली आणि पाकीट फोडलं. मग वाचायला लागली. शेजारच्या वर्गात मुली नद्यांची नावं एका सुरात म्हणत होत्या. त्यांच्या सगळ्या नद्या संपल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या, तरी हिची पानं संपेनात. मी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत होतो. त्यात रेघा वाकड्या होत्या.

शेवटी ती म्हणाली, "तुमचं प्रेशर वाढलं, हे मले शिक्षण खात्याकडून कळावं?"

मी रिकाम्या पाकिटाची घडी घालायला लागलो.

तिनं एक पान मागे उलटवलं. "नऊ डिसेंबर, संध्याकाळ. मार्क नऊ. कारण: वरणाला फोडणी." तिनं वर पाहिलं. "नऊच काहून? एक कुठं कापला?"

"दुसऱ्या दिवशी रविवार होता म्हणून."

तिनं कागद खाली ठेवले. मग म्हणाली, "जूनमध्ये मी तुम्हाले विचारलं होतं, जाऊ का म्हणून. तुम्ही काय म्हणाले, आठवते?"

"जा म्हणालो."

"नुसतं जा नाही म्हणाले. 'जा ना, माझं काय अडते' असं म्हणाले. वर पेपर वाचत होते. मी ते ऐकलं आणि इथं आली. रोज वाटे, यांचं खरंच काही अडून नाही राहिलं."

"बढती होती तुझी. मी अडवणार कसा?"

"अडवायचं कोण म्हणते? नुसतं सांगायचं होतं."

मी विचारलं, "तुझं अडते काय?" हे विचारायला मला आठ महिने लागले.

तिनं कागदांच्या कडा सारख्या केल्या. "मी वही नाही ठेवत. रविवारी संध्याकाळी गाडीतून उतरली की मी खोलीवर नाही जात. इथं येऊन बसते. शाळा बंद असते. कांताबाई कुलूप उघडून देते आणि काही विचारत नाही."

शेजारचा वर्ग सुटला. मुली दारावरून जाताना आत डोकावत होत्या. शामलेनं पदर सारखा केला आणि तिचा आवाज मोठ्या बाईंचा झाला. "नागपुरात मुख्याध्यापिकेची जागा रिकामी नाही. या अर्जावर मी हो लिहिलं, तर मले परत साधी शिक्षिका होऊन या लागते. आणि इथं नऊ मुली पहिल्यांदा दहावीले बसून राहिल्या. मार्चमध्ये परीक्षा आहे. तुमचं प्रेशर उतरेल. माझं चढेल."

हे मला सुचलंच नव्हतं. चार महिने मी दिवसातून तीनदा मन तपासत होतो, पण ते माझं. नळावरच्या बायका, टायपिस्ट, साहेब, डॉक्टर, सगळ्यांना माझे मार्क पाठ झाले होते, आणि तिला किती, हे मी धरून कुणीच विचारलं नव्हतं.

"मग नको लिहू काही," मी म्हणालो. "मी अर्ज मागे घेतो."

"अभिप्राय तं द्याच लागते. सरकारी कागद आहे."

तिनं पेन उघडलं. ट्रेसिंगचं काम करणाऱ्याला उलटी अक्षरं वाचता येतात, त्यामुळे ती लिहीत असताना मी समोरून वाचत होतो. "अर्जदाराने लिहिलेले खरे आहे. सदर कर्मचाऱ्याची अवस्थाही तीच आहे. तथापि बदलीस सदर कर्मचाऱ्याची संमती नाही." खाली सही, हुद्दा, शिक्का. शिक्का तिनं दोनदा मारला, पहिला नीट उठला नाही.

"आज वापस चालले का?" तिनं विचारलं.

"दुपारच्या गाडीनं. रजा टाकली नाही."

"उद्याच्या गाडीनं गेले तं?"

वीस वर्षांत विनापरवानगी गैरहजर राहिलो नव्हतो. त्या दिवशी राहिलो. तिची खोली बाजाराच्या मागे होती. एक खाट, एक स्टो, एक ताट. ताट एकच असल्यामुळे आधी मी जेवलो, मग ते धुऊन ती जेवली, आणि मी समोर बसून राहिलो. आठ महिने ती रोज या एका ताटात जेवत होती.

परत आल्यावर मी दुसरा अर्ज केला. या वेळी माझ्याच खात्याकडे. नागभीडजवळ आमच्या खात्याचं एक छोटं ऑफिस होतं, तिथली ड्राफ्ट्समनची जागा दोन वर्षं रिकामी होती, कारण तिथं कुणी जात नव्हतं. वामनरावांना हे पटलं नाही.

"बढती नाही, शिक्षा नाही, मग माणूस नागभीडला जातो कशाला? कारण काय लिहाल?"

"बायको तिथं आहे."

"चाळीस वर्षांत पुरुषानं असं कारण लिहिलेलं मी पाहिलं नाही." त्यांनी अर्ज पुन्हा वरपासून वाचला. मग एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढून तो परत दिला.

मंजुरी अकरा दिवसांत आली. सरकारी कागद इतक्या वेगानं हललेला मी कधी पाहिला नव्हता. पण माझ्या जागी माणूस मिळेपर्यंत मला सोडणार नव्हते, आणि तो माणूस जुलैत आला. मधले पाच महिने सर्वांत जड गेले. आधी वाटायचं, आठवण फक्त मला येते. आता दोघांनाही येते हे ठाऊक होतं, त्यामुळे ती दुप्पट झाली. पत्रं दर बुधवारी यायची. त्यात मुलींचे पेपर कसे गेले ते असायचं, आणि शेवटी एक ओळ माझ्यासाठी असायची. डॉक्टरांनी एप्रिलमध्ये पट्टी बांधली तेव्हा प्रेशर एकशे चाळीस-नव्वदवर आलं होतं. "उतरतंय," ते म्हणाले. "कुढणं सोडलं तुम्ही. आता सरळ आठवण काढता." जूनच्या निकालात नऊपैकी सात मुली पास झाल्या, हे मी नळावर सांगितलं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी ट्रंक आणि ड्रॉइंग बोर्ड घेऊन नागभीडला उतरलो. स्टेशनवर शामला नव्हती. कांताबाईनं निरोप आणला होता, शाळेत तपासणीसाठी साहेब आले आहेत, बाईंना वेळ लागेल, तुम्ही खोलीवर चला. मी म्हटलं, मी इथंच थांबतो. कांताबाई गेली. गाडीही परत फिरून निघून गेली. फलाटावर मी आणि एक बकरी. मी ट्रंकेवर बसलो. दीड तास बसलो असेन. त्या गाडीनं मला जायचं नव्हतं, आणि येणारं माणूस परत जाणार नव्हतं.

ती आली तेव्हा घाईघाईनं चालत आली होती. हाताला खडू लागलेला, तपासणीच्या दिवशीची इस्त्रीची साडी, श्वास लागलेला.

"किती वेळ झाला?" तिनं विचारलं. "कंटाळले असाल."

"नाही," मी म्हणालो. "बस थोडा वेळ."

तिनं स्टेशनमास्तरच्या खोलीकडे एकदा बघितलं. मग ट्रंकेच्या दुसऱ्या टोकाला बसली.